घरून काम, फोनचं बिल आणि आयकर: खर्च कुणाला धरता येतो, किती आणि कसा

जुलै लागला की दर दोन दिवसांनी कोणी तरी विचारतंच, "भाऊ, मोबाईलनं बिल टॅक्समा बसी का?" विचारणारा कधी पुण्याच्या कंपनीचं काम अमळनेरला घरी बसून करणारा पोरगा असतो, कधी जळगावचा विमा एजंट, कधी सावद्याचा केळी दलाल. प्रश्न एकच, पण तिघांची उत्तरं तीन. पोराला बहुतेक वेळा 'नाही' सांगावं लागतं, एजंटाला 'हो', आणि दलालाला 'हो, पण शेतीचे फोन वगळून'.

म्हणून बिलांची पिशवी उघडण्याआधी तुमचं उत्पन्न कोणत्या खात्यात मोडतं ते बघा. फोन कितीही वापरा, कायदा आधी हेच विचारतो.

खाली सांगितलंय ते आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या रिटर्नसाठी, म्हणजे १९६१ च्या आयकर कायद्याप्रमाणे. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू झाला आहे. त्यात कलमांचे आकडे बदललेत आणि 'कर वर्ष' हा शब्द आलाय. पुढच्या वर्षी हाच हिशेब करताना कलमांचे जुने आकडे तसेच उतरवू नका.

आधी २६एएस उघडा

आयकराच्या पोर्टलवर लॉग-इन करा, ई-फाइलमध्ये इन्कम टॅक्स रिटर्न्सखाली 'व्ह्यू फॉर्म २६एएस' आहे, म्हणजे तुमच्या नावावर कापलेल्या कराचा उतारा. तिथून ट्रेसेसच्या साइटवर जाता येतं. तुम्हाला पैसे देणाऱ्याने टीडीएस (पैसे देतानाच कापून भरलेला कर) कोणत्या कलमाखाली कापला ते बघा. १९२ असेल तर तो पगार. १९४जे म्हणजे व्यावसायिक फी. १९४सी म्हणजे कंत्राट, १९४एच म्हणजे कमिशन किंवा दलाली, १९४डी म्हणजे विम्याचं कमिशन.

हे सांगायचं कारण असं की आपल्याकडे 'मी कंपनीत जॉबला आहे' म्हणणाऱ्या कितीतरी पोरांचा पगार मुळात पगारच नसतो. कंपनीने कन्सल्टंट म्हणून करार केलेला असतो, पीएफ नाही, फॉर्म १६ नाही, १० टक्के टीडीएस कापून महिन्याला पैसे खात्यात. पोरगा स्वतःला नोकरदार समजतो आणि आयटीआर-१, म्हणजे पगारदाराचा साधा रिटर्न फॉर्म, भरून मोकळा होतो. घरच्यांना नोकरी म्हणून सांगा हवं तर, पण आयकराच्या लेखी तो व्यवसाय आहे आणि त्याचे खर्च मागायचा तुम्हाला हक्क आहे.

१९२ असेल तर

पगारदाराला घरून काम केल्याबद्दल फोन, नेट, वीज, खुर्ची यांपैकी कशाचीही वजावट रिटर्नमध्ये घेता येत नाही. त्या सगळ्याच्या बदल्यात प्रमाणित वजावट मिळते: नव्या करप्रणालीत ७५ हजार, जुन्यात ५० हजार. खर्च केला काय, न केला काय, तेवढीच.

वाट आहे ती कंपनीच्या दारातून. कर्मचाऱ्याच्या टेलिफोनचा, मोबाईल धरून, जो खर्च कंपनी प्रत्यक्ष सोसते, तो पगारातली करपात्र सवलत मानायचा नाही असं आयकर नियम ३ मध्ये आहे. म्हणजे बिल कंपनीने भरलं किंवा तुम्ही भरलेलं बिल दाखवल्यावर परत केलं, तर ती रक्कम तुमच्या उत्पन्नात धरली जात नाही. ब्रॉडबँडचं बिलही बऱ्याच कंपन्या याच खात्यात घेतात. पण महिन्याला सरसकट दीड हजार 'टेलिफोन अलाउन्स' पगारात जोडून दिला आणि बिल कोणी मागितलंच नाही, तर तो पगारच. त्यावर कर लागतो.

तेव्हा एप्रिलमध्येच एचआरला मेल टाका: फोन आणि नेटचं बिल रिइम्बर्समेंट म्हणून घेता येईल का, कमाल किती, बिलं कधीपर्यंत लावायची. पगाराची रचना वर्षाच्या सुरुवातीला ठरते. जुलैमध्ये माझ्याकडे येऊन उपयोग नसतो. मी बिलं बघतो, पाणी पाजतो आणि परत पाठवतो.

नोकरी सांभाळून संध्याकाळी दुसरं काम करणाऱ्यांनी पुढचं वाचावं. त्या जोडकामाचे खर्च त्या उत्पन्नातून वजा होतात, पण फोनचा तेवढाच भाग जो त्या कामासाठी वापरला.

व्यवसाय आहे, मग ठोक की खरा हिशेब?

घरी बसून बांधकामाची ड्रॉइंग करून देणारा भुसावळचा सिव्हिल इंजिनिअर घ्या. वर्षाची फी समजा १४ लाख, सगळी बँकेतून. इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर, वकिली, वैद्यकीय, अकाउंटन्सी, इंटिरिअर, तांत्रिक सल्ला अशा ठरावीक व्यवसायांसाठी कलम ४४एडीए आहे. एकूण जमा ५० लाखांच्या आत (रोखीचा भाग ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तर ७५ लाखांच्या आत) असेल तर निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवायची, निम्मी खर्चात गेली असं कायदाच धरतो. इंजिनिअरसाहेबांना ७ लाखांचा खर्च बिलाविना मिळाला. त्यांचं फोन, नेट, प्लॉटर, लॅपटॉप मिळून खरा खर्च लाखभरही नसेल. अशाने रिचार्जच्या पावत्या जमवत बसू नये. आणि ठोक खर्चाच्या वर 'फोनचे आणखी चार हजार' मागायची सोय नाही. त्या निम्म्यात फोन, घसारा (वस्तूची दरवर्षी घटत जाणारी किंमत), सगळं आलं.

किरकोळ धंद्यासाठी ४४एडी आहे. घरून साड्या विकणाऱ्या ताई, मसाले-पापडवाल्या ताई यात येतात. जमेच्या ८ टक्के नफा, बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर ६ टक्के. तिथेही फोन वेगळा निघत नाही.

आता ज्यांना हा ठोक रस्ता बंद आहे ते. कमिशन, दलाली आणि एजन्सीचा धंदा करणाऱ्यांना ४४एडी लागू नाही, आणि ४४एडीएच्या यादीत ते नाहीत. विमा एजंट, म्युच्युअल फंडाचे वितरक, जमिनीचे दलाल, केळीचे, कापसाचे, धान्याचे दलाल. यांना खरा खर्च दाखवूनच नफा काढावा लागतो, आयटीआर-३ भरावा लागतो. यांचं दुकान म्हणजे कानाला लावलेला मोबाईल, आणि नेमक्या याच मंडळींकडे फोनचं एकही बिल नसतं.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. 'नव्या करप्रणालीत वजावटी नाहीत' हे ८०सी, ८०डी वगैरेंबद्दल (बचत, आरोग्य विमा यांच्या वजावटी) खरं आहे. धंद्याचा खर्च ही ती वजावट नव्हे. तो नफा काढतानाच वजा होतो, नव्यातही आणि जुन्यातही.

बिलं

प्रीपेडवाल्याला बिल घरी येत नाही, म्हणून बिल नाही असं नसतं. कंपनीच्या ॲपमध्ये रिचार्जची पावती डाउनलोड करता येते. फोन-पे किंवा जी-पेचा स्क्रीनशॉट हा पैसे दिल्याचा पुरावा, कशाचे दिले त्याचा अर्धवट पुरावा. दोन्ही ठेवा. महिन्याच्या १ तारखेला मागच्या महिन्याची पावती उतरवून 'फोन २०२५-२६' अशा फोल्डरमध्ये टाकायची सवय लावली तर वर्षाअखेरीस धावाधाव होत नाही. वर्षभरानंतर ॲपमध्ये जुन्या पावत्या दिसतीलच याच्या भरवशावर राहू नका.

हिशेब करताना २८ दिवसांचा प्लॅन विसरतात. २८ गुणिले १३ म्हणजे ३६४ दिवस, तेव्हा वर्षाला बाराऐवजी तेरा रिचार्ज बसतात. बारा महिन्यांचे बारा असं धरणारा स्वतःच एक रिचार्ज सोडून देतो.

गावाकडे नेट बहुधा गावातल्या केबलवाल्याचं असतं. तो कोऱ्या कागदावर 'नेट रु. ५०० मिळाले' लिहून देतो. त्याला सांगा: नाव, पत्ता, तारीख, पावती नंबर आणि महिना टाकलेली छापील पावती दे. पैसे यूपीआयने द्या. तो कुरकुर करेल, पण देईल.

कनेक्शन वडिलांच्या नावावर, वापरणारा मुलगा, हे तर घरोघरी आहे. बिलावर दुसऱ्याचं नाव आहे म्हणून खर्च आपोआप बाद होत नाही, पण पैसे तुमच्या खात्यातून गेलेले दिसले पाहिजेत. नानांच्या पेन्शन खात्यातून बिल कटतंय आणि खर्च तुम्ही दाखवताय, हे टिकायचं नाही. शक्य असेल तर कनेक्शन स्वतःच्या नावावर करून घ्या.

किती टक्के?

कायद्याची भाषा कलम ३७(१) मध्ये आहे: खर्च भांडवली नसावा, खासगी नसावा आणि पूर्णपणे व केवळ धंद्यासाठी केलेला असावा. घरचा फोन काही केवळ धंद्यासाठी नसतो. मग त्यातला धंद्याचा हिस्सा वेगळा काढून तेवढाच घ्यायचा. पन्नास टक्के घ्या असं कुठं छापलेलं नाही. जो तो आपापल्या कानावरून टक्के सांगतो.

मी सांगतो ती रीत जुनी आणि कंटाळवाणी आहे: एक आठवडा वही धरा. सणासुदीचा आठवडा नको, लग्नसराईतला नको, रोजच्यासारखा असावा. शक्य असेल तर वर्षातून दोनदा करा, एकदा हंगामात आणि एकदा मंदीत.

सावद्याच्या दलालाचं उदाहरण घेतो, आकडे समजण्यापुरते आहेत. पहाटे पाचपासून फोन सुरू. रावेरच्या बागेत कटाई लागली का, ट्रक कुठवर आला, दिल्लीच्या व्यापाऱ्याला आज काय भाव सांगायचा. सात दिवसांची कॉल यादी काढली, एकूण कॉल ४१२. बाजूला पेन्सिलने तीन खुणा करायला सांगितल्या: 'द' दलाली, 'घ' घर, 'श' शेत. 'द' निघाले २६८, 'घ' ९३, 'श' ५१.

तो म्हणाला, "शेतीचे पण धंद्यातच घ्या ना साहेब, केळीच आहे ती." नाही घेता येत. स्वतःच्या बागेतल्या केळीचं उत्पन्न शेतीचं, ते करमुक्त आहे. जे उत्पन्न करमुक्त, त्याच्यासाठी केलेला खर्च करपात्र उत्पन्नातून वजा करता येत नाही, कलम १४ए हेच सांगतं. ठिबकवाल्याला केलेला फोन, मजुरांना केलेला फोन, खताच्या दुकानातला फोन हे सगळे 'श'. खान्देशात ज्याच्याकडे धंदा आहे त्याच्याकडे बहुधा दोन-चार एकर शेतही असतं, आणि ही तिसरी खूण करायला जवळजवळ प्रत्येक जण विसरतो.

२६८ भागिले ४१२, म्हणजे ६५ टक्के. समजा २९९ चे तेरा रिचार्ज, वर्षाचे ३,८८७. त्याचे ६५ टक्के २,५२७ रुपये.

नेटला कॉल मोजता येत नाहीत, तिथे तास आणि माणसं बघायची. घरात वायफाय, त्यावर पोरांचा अभ्यास, बाईंच्या मालिका, रात्रीची क्रिकेट मॅच. दलाल त्यावर भावाचे ग्रुप बघतो, बागेचे व्हिडिओ मागवतो, ई-वे बिलं बघतो. आम्ही एक तृतीयांश धरला. ५९९ अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे महिन्याला ७०७ च्या आसपास, वर्षाचे ८,४८२, त्यातले २,८२७. याच माणसाने घरी बसून दिवसाचे आठ तास व्हिडिओ कॉलवर काम केलं असतं, तर निम्म्याहून जास्त घ्यायलाही मी कचरलो नसतो.

ही वही, ती कॉल यादी आणि अर्ध्या पानाची टीप (कोणत्या आठवड्यात मोजलं, टक्के कसे काढले, तारीख, सही) एकत्र टाचून ठेवा. नंतर कुणी विचारलं तर हाच कागद बोलतो. एवढा खटाटोप नको असेल तर सोपा उपाय म्हणजे धंद्याला दुसरं सिम घ्या. व्हिजिटिंग कार्डावर, जीएसटीत, बँकेत तोच नंबर द्या, घरच्यांना देऊ नका. मग त्या सिमचा पूर्ण रिचार्ज खर्चात. अर्थात सासरवाडीला तो नंबर महिनाभरात कळतोच.

हँडसेट हा खर्च नव्हे

रिचार्ज हा चालू खर्च, हँडसेट ही मालमत्ता. १८ हजारांचा मोबाईल घेतला तर १८ हजार एकदम खर्चात टाकायचे नाहीत, त्यावर घसारा घ्यायचा. मोबाईलला दर १५ टक्के, संगणक आणि लॅपटॉपला ४०, फर्निचरला १०. वापर निम्माअर्धा धंद्याचा असेल तर घसाराही तेवढाच, हे कलम ३८(२).

दलालाने जूनमध्ये १८ हजारांचा फोन घेतला. १५ टक्के म्हणजे २,७००, त्यातले ६५ टक्के १,७५५.

वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर असेल तर घसारा निम्मा. यात सणाची गंमत आहे. २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला होता. त्या दिवशी घेऊन लगेच वापरायला काढलेला फोन ३१ मार्चपर्यंत १८१ दिवस होतो, पूर्ण दर मिळतो. लक्ष्मीपूजनाला, २१ ऑक्टोबरला घेतलेल्याचे दिवस भरतात १६२, दर निम्मा. मुहूर्त बघायचाच तर दसऱ्याचा बघा.

पैसे बँकेतून द्या. एका दिवसात एका माणसाला १० हजारांपेक्षा जास्त रोख दिली तर चालू खर्च अमान्य होतो, आणि मालमत्तेच्या किमतीतूनही ती रक्कम वगळली जाते. फुले मार्केटमध्ये नगद मोजून घेतलेल्या १८ हजारांच्या फोनवर घसारा शून्य.

हप्त्यांवर घेतला असेल तर मुद्दल खर्चात येत नाही, व्याजाचा धंद्याचा हिस्सा येतो.

वाचतात किती?

रिचार्ज २,५२७, नेट २,८२७, घसारा १,७५५. एकूण ७,१०९ रुपये.

हे ७,१०९ म्हणजे वाचलेला कर नव्हे, एवढं उत्पन्न कमी झालं. नव्या प्रणालीत २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकरासह १,४७९ रुपये वाचतील, ३० टक्क्यांत २,२१८. उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर कलम ८७ए च्या सवलतीमुळे कर मुळातच शून्य, वाचणार काहीच नाही. अशा माणसाने कॉल मोजत बसावं का? माझं मत: टक्के मोजायचा आठवडा सोडून द्या, पावत्या मात्र ठेवा. पुढच्या वर्षी उत्पन्न कुठं असेल सांगता येत नाही.

आता तेवढाच खर्च असलेला, पण शेती नसलेला जळगावचा एजंट बघा. त्याचं करपात्र उत्पन्न आलं १२ लाख ७ हजार. बारा लाखांच्या वर जेवढं गेलं त्याहून जास्त कर लागू नये अशी सीमांत सवलत आहे, म्हणून त्याचा कर ७,०००, उपकरासह ७,२८०. फोनचे ७,१०९ वजा केले की उत्पन्न बारा लाखांच्या खाली, कर शून्य. त्याचा फोन जवळजवळ फुकट पडला. बारा लाखांच्या काठावर असाल तर वही धराच.

रिटर्नमध्ये कुठं

आयटीआर-३ च्या नफा-तोटा पत्रकात 'टेलिफोन एक्स्पेन्सेस' अशी वेगळी ओळच आहे. रिचार्ज आणि नेटचा धंद्याचा हिस्सा तिथे. पूर्ण बिल टाकून पुन्हा खासगी भाग उत्पन्नात मिळवायची पद्धतही चालते, पण घरच्या घरी भरणाऱ्याने सरळ हिस्साच लिहावा. घसारा त्याच्या स्वतंत्र तक्त्यात जातो, १५ टक्क्यांच्या रकान्यात. हिशेबाची वही ठेवायची तुमच्यावर सक्ती नसेल तर 'नो अकाउंट केस'चा छोटा भाग असतो, तिथे सगळा खर्च एका आकड्यात जातो. मग तो आकडा कशाचा बनला याचा कागद घरात हवा. वह्या आणि पावत्या संबंधित करनिर्धारण वर्ष (आर्थिक वर्षाच्या पुढचं वर्ष) संपल्यापासून सहा वर्षं जपा. उन्हाळ्यात थर्मल कागदाच्या पावत्या पत्र्याच्या घरात कोऱ्या होतात, म्हणून फोटो काढून ठेवा.

जीएसटी नोंदणी असेल तर कंपनीच्या ॲपमध्ये जीएसटी नंबर टाका, म्हणजे बिलावर येतो. २९९ च्या रिचार्जमध्ये ४५ रुपये ६१ पैसे कर असतो. त्याचा धंद्यापुरता हिस्सा क्रेडिट म्हणून, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा करून, घेता येतो. ज्याचं क्रेडिट घेतलं तो कर पुन्हा खर्चात धरू नका.

विचारणा आली तर

घाबरून सुधारित रिटर्न भरायला धावू नका. नोटीस पोर्टलवर उघडा, काय विचारलंय ते नीट वाचा. बहुधा खर्चाचा तपशील आणि पुरावा मागतात. बिलं क्रमाने, बँकेच्या उताऱ्यात त्या त्या रकमेवर खूण, टक्क्यांची टीप, अशी एक पीडीएफ करून मुदतीत टाका. पुरावा नसलेला भाग असेल तर तो मान्य करा आणि त्यावरचा कर भरा. उत्पन्न कमी दाखवल्याचा दंड त्या कराच्या ५० टक्के असतो, खोटं दाखवल्याचा २०० टक्के. दोन हजारांच्या रिचार्जसाठी खोटी पावती करून देणारा कोणी भेटला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

सावद्याच्या दलालाने यंदा दुसरं सिम घेतलंय. ठिबकवाल्याला अजून त्याच नंबरावरून फोन करतो, म्हणून 'श' ची खूण वहीत तशीच आहे.